दर श्रावणात मरणारं लॅव्हेंडर: इंदूरच्या काळ्या मातीत काय बिघडतं आणि कुठे हात घालायचा

इंदूरमध्ये लॅव्हेंडर लावणाऱ्यांची तक्रार दर वर्षी साधारण एकाच सुमारास कानावर येते. "मे महिना काढला हो त्याने, बेचाळीस डिग्रीत तग धरला, आणि श्रावणात आठवड्याभरात गेलं." मग दिवाळीच्या आसपास नर्सरीतून नवं रोप येतं, थंडीत ते छान भरतं, फेब्रुवारीत फुलतंही, आणि पुढच्या श्रावणात पुन्हा तेच. असं दोन-तीनदा झालं की घरात निकाल लागतो: हे थंड हवेचं झाड, माळव्यात जगायचं नाही.

मला हा निकाल मान्य नाही. माळव्याचा हिवाळा त्याला मानवतो, माळव्याचं ऊन त्याला चालतं, आणि इथल्या रात्री, ज्यांचं 'शब-ए-मालवा' म्हणून कौतुक होतं, त्या भर उन्हाळ्यातही त्याला थोडी उसंत देतात. वर्षातले आठ महिने इंदूर त्याच्या बाजूने आहे. घात होतो तो पावसाळ्याच्या चार महिन्यांत, आणि तोही जमिनीखाली, मुळांशी. त्यामुळे ऑगस्टमध्ये औषधं शोधत बसून काही हाती लागत नाही. जे करायचं ते माती कोरडी असताना, पहिल्या पावसाच्या आधी करायचं असतं. पुढचं सगळं त्यासाठीच लिहिते आहे.

आधी ओळखा: तहान की कुज?

सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. रोपाने माना टाकल्या की हात आपोआप झारीकडे जातो. पण मुळं कुजलेली असतील तर ती पाणी ओढूच शकत नाहीत, आणि रोप चिखलात उभं राहूनही तहानलेलं दिसतं. त्यावर आणखी पाणी घातलं की उरलीसुरली मुळंही जातात.

तहानलेल्या रोपाचे कोवळे शेंडे लवतात, माती कुंडीच्या कडेपासून सुटलेली असते, कुंडी उचलली तर हलकी लागते, आणि पाणी दिल्यावर काही तासांत शेंडे पुन्हा ताठ होतात. कुज लागलेल्या रोपाचं तसं नसतं. बहुतेक वेळा आधी एकच फांदी किंवा एकच बाजू निस्तेज होते. पानांचा करडा-हिरवा रंग जाऊन पिवळट, मातकट छटा येते, खालची पानं काळी पडून बुंध्याला चिकटून राहतात. माती ओली असते आणि पाणी देऊन फरक पडत नाही.

शंका असेल तर बुंध्याशी, मातीच्या थोडं वर, नखाने साल जराशी खरवडा. आत हिरवट-पांढरा ओलसर थर दिसला तर ती फांदी जिवंत आहे. तपकिरी दिसला तर थोडं वर सरकून पुन्हा खरवडा, म्हणजे कुज कुठपर्यंत चढली आहे ते कळतं. मग एका बाजूने माती बाजूला सारून एक मूळ चिमटीत धरा आणि हलकं ओढा. निरोगी मूळ फिकट रंगाचं आणि ताठ असतं, सहज तुटत नाही. कुजलेल्या मुळाची वरची साल सुटून बोटांत येते आणि मागे नुसता बारीक तंतू उरतो. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की पुढे कधी गोंधळ होत नाही.

एक सूचना मे महिन्यासाठी. भर दुपारी लॅव्हेंडर थोडं मलूल दिसणं स्वाभाविक आहे. त्या वेळी पाणी देऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पाहा. सकाळी ताठ असेल तर रोप ठीक आहे, उन्हापुरतं लवलं होतं. सकाळीही मलूल असेल तर मात्र बोट मातीत घालून बघा.

कारण काय

लॅव्हेंडर भूमध्य समुद्राच्या काठचं झुडूप. तिथे पाऊस मुख्यतः शरदात आणि हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कडक आणि कोरडा. फ्रान्समधल्या मार्सेयला वर्षभरात पडणारा पाऊस इंदूरच्या जेमतेम निम्मा, आणि जुलै हा तिथला सगळ्यात कोरडा महिना. आपल्याकडे वर्षाचा साधारण ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे वर्षाच्या ज्या काळात हवा गरम असते त्याच काळात या झाडाच्या मुळांना कोरडं राहायची सवय, आणि आपण त्याच काळात त्यांना पाण्यात उभं करतो. थंडीतली ओल ते बऱ्यापैकी सोसतं. उष्ण ओल त्याला सोसत नाही.

उष्ण आणि पाण्याने भरलेल्या मातीत फायटोफ्थोरा नावाचा जीव मोकाट सुटतो. लॅव्हेंडरच्या मुळांची आणि बुंध्याची कूज जगभर बहुतेक यानेच होते. याचे बीजाणू पाण्यात पोहू शकतात. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असल्या की ते एका मुळाकडून दुसऱ्या मुळाकडे पोहत जातात. निचरा चांगला असेल तर त्यांना पोहायला वाटच राहत नाही. म्हणून औषधाआधी निचरा.

आणि निचऱ्याच्या बाबतीत माळव्याची काळी माती म्हणजे लॅव्हेंडरसाठी सगळ्यात अवघड परीक्षा. बेसाल्ट खडकापासून बनलेली ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. गव्हाला, हरभऱ्याला तिचं हेच पाणी धरून ठेवणं वरदान ठरतं. पण एकदा फुगून बसली की वरचं पाणी खाली जायला तिच्यात जागा राहत नाही.

निचऱ्याची परीक्षा, आणि ती केव्हा घेऊ नये

पुस्तकी पद्धत अशी: फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, ते जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्यांदा पाणी तासाला किती उतरतं ते पट्टीने मोजा. तासाला इंचभर किंवा जास्त उतरलं तर निचरा ठीक. त्याहून कमी असेल तर सपाट जमिनीत लॅव्हेंडर लावू नका.

पण ही परीक्षा इथे मे महिन्यात घेतली तर खोटं उत्तर मिळतं. त्या वेळी काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. ओतलेलं पाणी भेगांतून सरळ खाली निघून जातं आणि आपल्याला वाटतं, वा, आपल्या बागेचा निचरा उत्तम आहे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात माती फुगते, भेगा बंद होतात, आणि तोच खड्डा दोन-दोन दिवस पाणी धरून बसतो. म्हणून परीक्षा घ्यायची तर आधी ती जागा चार-पाच दिवस रोज भरपूर भिजवा, भेगा मिटू द्या, मग मोजा. नाहीतर जोराचा पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी बागेत नुसती चक्कर मारा. जिथे चप्पल चिकटते तिथे लॅव्हेंडर नको.

खड्ड्यात रेती भरू नका

सगळ्यात जास्त केला जाणारा उपाय हाच आहे आणि तोच रोपं मारतो. काळ्या मातीत दीड-दोन फुटांचा खड्डा काढायचा, त्यात नर्मदेची रेती, मुरूम, थोडं खत असं छान मोकळं मिश्रण भरायचं आणि मध्ये रोप लावायचं. ऐकायला रास्त वाटतं. पण खड्ड्याच्या चारही भिंती आणि तळ काळ्या मातीचेच राहतात. पाऊस पडला की आजूबाजूचं पाणी या मोकळ्या मिश्रणात उतरतं आणि बाहेर जायला वाट नसल्याने तिथेच साठतं. तुम्ही झाडासाठी चक्क हौद बांधलेला असतो.

काळ्या मातीत थोडी रेती मिसळणंही असंच वाया जातं. रेतीच्या कणांमधली जागा चिकण मातीचे बारीक कण भरून टाकतात आणि मिश्रण आधीपेक्षा घट्ट होऊन बसतं. फरक पडायचा तर निम्म्याहून जास्त भाग भरड असावा लागतो. एवढी माती बदलण्यापेक्षा तिच्यावर चढून बसणं सोपं.

म्हणजे उंचवटा करायचा. खाली खणायचंच नाही, वर रचायचं. आपल्या आसपासच्या शेतकऱ्यांना हे नवीन नाही. पावसात सोयाबीनची मुळं गुदमरू नयेत म्हणून रुंद वरंब्यावर पेरणी करायला सांगतात, सरीतून जास्तीचं पाणी निघून जातं. तोच विचार बागेत आणायचा.

एका झुडपासाठी सव्वा ते दीड फूट उंच आणि तळाशी तीन-साडेतीन फूट रुंद ढीग पुरतो. त्यात साधारण दोन भाग मुरूम, एक भाग भरड दगडी चुरी आणि एक भाग बागेतली माती. वर एक-दोन ओंजळी जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत, बस. चुरी घेताना तीन ते सहा मिलिमीटरची घ्या. क्रशरवरची बारीक भुकटी तिच्यात आली असेल तर चाळून टाका, कारण भिजल्यावर तीच भुकटी घट्ट बसते आणि सगळी मेहनत वाया घालवते. मुरूमही तपासून घ्या. मूठभर ओला करून दाबा. गोळा होऊन तसाच राहिला तर त्यात चिकण माती जास्त आहे. बोट लावताच विस्कटला तर कामाचा.

विटांचा गादीवाफा करणार असाल तर तळाच्या थरात दर फूटभर अंतरावर सांधे मोकळे ठेवा. गवंडी बिचारा सगळे सांधे छान भरून देतो, त्याला आधीच सांगावं लागतं. गच्चीच्या पावसाच्या पाइपचं तोंड कुठे सुटतं तेही बघा. आपल्याकडच्या जुन्या घरांत ते बरेचदा नेमकं कंपाउंडच्या भिंतीलगतच्या वाफ्यात सोडलेलं असतं. छपराचं सगळं पाणी त्या एका जागी उतरत असेल तर कितीही उंचवटा केला तरी पुरणार नाही.

आळं करायची सवयही इथे मोडावी लागते. कुठलंही रोप लावलं की त्याच्याभोवती आळं करून पाणी साठवायचं, हे आपल्या हाताला लहानपणापासून ठाऊक. माळीदादा येतात तेही न विचारता आळं करून जातात. लॅव्हेंडरला उलटं पाहिजे: बुंधा सगळ्यात उंच आणि चारही बाजूंना उतार. रोप लावताना नर्सरीच्या कुंडीतली मातीची पातळी ढिगाच्या पातळीपेक्षा इंचभर वरच ठेवा. पहिल्या पावसात ढीग थोडा बसतो, तेव्हा ते बरोबर होतं.

नर्सरीचं रोप बहुतेक नुसत्या कोकोपीटमध्ये वाढवलेलं असतं, कारण ते हलकं असतं आणि दूरच्या प्रवासात ओल टिकवतं. ते तसंच्या तसं मुरमात बसवलं तर भोवतालचा मुरूम कोरडा आणि मुळांभोवतीचा गोळा मात्र आठवडाभर ओलाच, असं होतं. रोप लावण्याआधी गोळ्याचा खालचा अर्धा भाग हलक्या हाताने मोकळा करून कोकोपीट झटकून टाका. थोडी मुळं तुटली तरी चालतील, पण हे काम हिवाळ्यातच करा.

कुंडीतलं लॅव्हेंडर

ज्यांच्याकडे गच्ची आहे त्यांचं काम खरं तर सोपं आहे, कारण कुंडी उचलून हलवता येते. दहा-बारा इंची मातीची कुंडी घ्या, प्लास्टिकची नको. मातीच्या कुंडीच्या भिंतीतूनही ओल उडून जाते. मिश्रण उंचवट्याचंच, फक्त चुरी थोडी जास्त. कुंडीखाली बशी ठेवू नका. विटेचे तीन तुकडे ठेवून कुंडी फरशीपासून वर उचला, म्हणजे तळाचं छिद्र गच्चीच्या ओल्या फरशीला चिकटून बंद होणार नाही.

तळाला खडे किंवा खापऱ्यांचा थर द्यायची पद्धत घरोघरी आहे. छिद्रावर एक खापरी ठीक, माती वाहून जात नाही. पण तीन इंच खडे भरून निचरा वाढत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या भरड थरात सहजी उतरत नाही, ते थराच्या वर अडून राहतं. म्हणजे ओलीचा पट्टा तेवढा वर, मुळांच्या आणखी जवळ सरकतो. ते खडे फोडून मिश्रणात घातले तर जास्त उपयोग होईल.

पावसाळ्यात कुंडी छज्जाखाली किंवा पत्र्याच्या शेडच्या कडेला ठेवा, जिथे उजेड आणि वारा येतो पण सरळ पाऊस येत नाही. घराच्या आत नेऊन ठेवणं हा उपाय नव्हे. उजेडाविना रोप लांबडं, कमजोर होतं आणि बंद हवेत बुरशी धरतं. वर झिरझिरीत पारदर्शक पत्रा असलेली बाल्कनी मिळाली तर उत्तम. जमिनीतल्या रोपावर झड लागली असताना चार बांबूंवर पारदर्शक शीट ताणता येते, पण चारही बाजू उघड्या ठेवा. प्लास्टिकने रोप गुंडाळलं की आत वाफ धरते आणि दोन दिवसांत पानं काळी पडतात.

पाणी किती

लावल्यावर पहिले तीन-चार आठवडे दर तीन-चार दिवसांनी. मग थंडीत जमिनीतल्या रोपाला दहा-पंधरा दिवसांनी एकदा पुरतं. एप्रिल-मेमध्ये आठवड्याला एकदा, फार तर दोनदा, पण दर वेळी भरपूर आणि सकाळी लवकर. कुंडीचं वेळापत्रक मी सांगणार नाही, कारण ते कुंडीच्या आकारावर आणि वाऱ्यावर ठरतं. दोन इंच खोल बोट घाला, कोरडं लागलं तर पाणी, नाहीतर उद्या बघू.

एक गोष्ट मात्र हमखास नडते. गच्चीवर ठिबक बसवलेली असते आणि गुलाब, मोगरा, जास्वंद यांच्याच ओळीत लॅव्हेंडरलाही नळी जोडलेली असते. टायमर रोज सकाळी सुटतो. मोगऱ्याला जे लागतं त्यात लॅव्हेंडर बुडतं. त्याची नळी काढून टाका आणि हाताने पाणी द्या. लॉनच्या फवाऱ्याच्या टप्प्यात असेल तर जागाच बदला.

मातीवर पालापाचोळा, पेंढा किंवा कोकोपीट पसरू नका. बाकी बागेला हे आच्छादन चांगलं, पण लॅव्हेंडरच्या बुंध्याशी ते ओल धरून ठेवतं. त्याऐवजी फिक्या रंगाच्या गिट्टीचा इंचभर थर द्या. पाऊस पडल्यावर वरचा भाग लवकर सुकतो आणि मातीचे शिंतोडे खालच्या पानांवर उडत नाहीत. चहाचा चोथाही नको. आपल्या घरांत तो रोज कुठल्या ना कुठल्या कुंडीत जातोच. गुलाबाला घाला. लॅव्हेंडरच्या बुंध्याशी त्याचा ओला थर बसतो. खताचंही तेच. महिन्याला शेणखत, गांडूळखत दिलं की मऊ, लांब फुटवे येतात आणि पावसात आधी तेच सडतात.

इंटरनेटवर वाचून काही जण मातीत चुना घालतात, लॅव्हेंडरला चुनखडीची जमीन आवडते म्हणून. ते आम्लधर्मी मातीसाठी ठीक. माळव्याची काळी माती मुळातच अल्कलीकडे झुकलेली आहे, चुन्याची गरज नाही.

कोणतं लॅव्हेंडर आणायचं

अर्धी लढाई इथे ठरते. फोटोंत दिसणारे जांभळे पट्टे असतात ते इंग्लिश लॅव्हेंडरचे किंवा त्याच्या संकरांचे. इंग्लिश लॅव्हेंडरला, म्हणजे लॅव्हेंडुला अँगुस्टिफोलियाला, नीट फुलायला काही आठवड्यांची खरी थंडी हवी असते. जम्मूतल्या डोडा जिल्ह्यात भद्रवाहला शेतकरी तेलासाठी त्याची शेती करतात, पण तो डोंगराळ भाग आहे, हिवाळ्यात बर्फ पडतं. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, जानेवारीच्या रात्री साधारण दहा डिग्रीच्या आसपास. तेवढ्यावर इंग्लिश लॅव्हेंडर जगतं, पण फुलायचा भरवसा नाही, आणि पावसाळ्याला ते सगळ्यात नाजूक.

माझ्या मते इंदूरसाठी पहिली पसंती लॅव्हेंडुला डेंटाटा. बहुतेक नर्सऱ्यांत ते फ्रेंच लॅव्हेंडर म्हणून मिळतं. पानाची कड बारीक दातेरी असते, भिंगाशिवायही दिसते. फुलायला जोराच्या थंडीची गरज नसते, आणि उष्ण, दमट हवा ते इंग्लिशपेक्षा जास्त सोसतं. वास थोडा कापराच्या अंगाने जातो, इंग्लिशसारखा गोड नाही. ज्यांना फक्त त्या गोड वासासाठीच लॅव्हेंडर हवं आहे त्यांची थोडी निराशा होईल, हे आधीच सांगून ठेवते.

नावावर जाऊ नका, पान चुरून वास घ्या. जांभळ्या तुऱ्यांची सगळीच झुडपं लॅव्हेंडर नसतात. निळ्या साल्व्हियाचं रोपही त्या नावाने हातात पडू शकतं. बियांच्या पाकिटांच्या मागेही लागू नका. बी सावकाश आणि बेभरवशाने उगवतं, त्याला आधी थंडाव्यात ठेवावं लागतं, आणि रोपं एकसारखी निघत नाहीत.

आपल्या मध्य भारताच्या आणि दख्खनच्या कोरड्या माळांवर लॅव्हेंडुला बायपिनाटा नावाचं एक लॅव्हेंडर आपसूक उगवतं, फिक्या निळसर-पांढऱ्या फुलांचं, एका हंगामापुरतं. ते कुठे रुजतं हे पाहिलं तरी पुष्कळ कळतं: दगडाळ, उतरत्या, पाणी न साचणाऱ्या जागी.

जून महिन्याचं काम

इंदूरला मान्सून साधारण जूनच्या मध्यावर येतो. त्याआधी हलकी छाटणी करून घ्या. वाळलेले तुरे काढा आणि हिरव्या भागाचा वरचा एक-तृतीयांश कापा. पानं नसलेल्या, लाकूड झालेल्या भागापर्यंत कात्री नेऊ नका, तिथून सहसा नवा फुटवा येत नाही. मग झुडूप दोन्ही हातांनी फाकवून आतली मेलेली पानं, काड्या वेचून काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण पावसात कूज इथूनच सुरू होते, कारण आत वारा पोचत नाही. दोन झुडपांत दोन-अडीच फूट अंतर हवंच. लावताना ते फार वाटतं.

औषधाबद्दल

दुकानात "मर लागलीय" म्हटलं की बहुतेक कार्बेन्डाझिमची पुडी हातात येते. ते खऱ्या बुरशींवर काम करतं. फायटोफ्थोरा दिसायला बुरशीसारखा असला तरी जैविक दृष्ट्या वेगळ्या गटातला आहे, त्यावर कार्बेन्डाझिम चालत नाही. लोक आठ-आठ दिवसांनी ते ओततात, आणि प्रत्येक ओतण्याबरोबर आणखी लिटरभर पाणी मुळांशी जातं. या गटावर चालणारी द्रव्यं वेगळी आहेत, मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेबचं मिश्रण किंवा फोसेटिल-अॅल्युमिनियम. तीही लागण होण्याआधी किंवा अगदी सुरुवातीला उपयोगी, लेबलवरच्या प्रमाणात आणि हातमोजे घालून. मेलेलं मूळ कुठल्याही औषधाने परत येत नाही. लावताना मातीत ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळायला माझी हरकत नाही, प्रतिबंध म्हणून ते बरं. पण निचरा नसलेल्या जागी तेही वाचवू शकत नाही.

आत्ता, भर पावसात, झाड जातंय तर

एका फांदीपुरती कूज असेल तर ती बुंध्यापासून कापा आणि कात्री स्पिरिटने पुसा. कुंडी असेल तर लगेच छताखाली न्या. पाणी पूर्ण बंद करा आणि गोळा उपटून न बदलता तसाच सुकू द्या. दमट हवेत मुळं हलवली तर उरलेलं बळही जातं. अर्ध्याहून जास्त झुडूप गेलं असेल तर ते वाचवायच्या मागे लागू नका, निरोगी शेंड्यांची छाट कलमं करून घ्या. ती वरच्या भागातूनच घ्या, मातीजवळच्या फांद्यांची नकोत.

मेलेलं रोप काढल्यावर त्याच मातीत दुसरं लॅव्हेंडर लावू नका. हा जीव जाड भिंतीच्या बीजाणूंच्या रूपात मातीत वर्षानुवर्षं टिकून राहतो. दर वर्षी नवं रोप त्याच खड्ड्यात लावणाऱ्यांना दर वर्षी तोच अनुभव येतो, त्याचं हे एक कारण. कुंडीतली माती फेकून द्या, कुंडी घासून कडक उन्हात ठेवा. जमिनीतली जागा सोडवत नसेल तर तिथे एप्रिल-मेमध्ये इंदूरचं ऊन कामाला लावा: माती भिजवा, वर पातळ पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणा, कडा मातीत दाबा आणि चार ते सहा आठवडे तसंच राहू द्या. खालची माती एवढी तापते की वरच्या काही इंचांतले रोगजंतू बरेचसे मरतात. काळं प्लास्टिक वापरू नका, त्याखाली माती तेवढी तापत नाही. त्यानंतर ती जागा खणू नका, उंचवटा तिच्यावरच रचा.

नवीन लागवडीला दसरा उलटल्यावर हात घाला. पाऊस गेलेला असतो, माती अजून कोमट असते, आणि पुढच्या पावसाआधी मुळांना आठ महिने मिळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये लावलेलं रोप जेमतेम रुजेपर्यंत ऊन चढतं आणि मग लगेच पाऊस.

आणि दर वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चार-सहा छाट कलमं करून ठेवा, झाड कितीही धडधाकट दिसत असलं तरी. फुलं न आलेला तीन-चार इंचांचा कोवळा शेंडा, खालची पानं काढलेली, ओलसर भरड रेतीत अर्धा रोवलेला, सावलीत. महिना-दीड महिन्यात हलकं ओढून पाहा. ओढताना अडलं तर मूळ धरलं आहे, मग छोट्या कुंडीत हलवा. डेंटाटाची कलमं चटकन लागतात. जास्तीची झाली तर शेजारीपाजारी द्या, मात्र देताना कुंडीखालची बशी काढून द्या.